शिंकणारा गुब्बी

गुरुवारी सकाळी पावणेआठ वाजता मी माझ्या मुलीचा गुब्बी बदलून घेतला. जुना सदोष होता, नवा निर्दोष होता आणि अदलाबदल फुकट होती. इतकं चोख काम आपल्या हातून क्वचितच होतं, अशा समाधानात मी डबा उचलला आणि कारखान्याची बस गाठली.

गुब्बी म्हणजे काय हा प्रश्न ज्यांना पडला नाही त्यांच्या घरी शाळेत जाणारी मुलं असणार. बाकीच्यांसाठी सांगतो. गुब्बी हा मोबाइलवरच्या एका खेळातला प्राणी आहे. गोल, निळसर, पाय आखूड, कानांच्या जागी दोन पानं. या खेळात असे नाना जातींचे प्राणी झाडाझुडपांतून शोधून काढायचे, आपल्या अंगणात आणून ठेवायचे आणि त्यांना फळं खाऊ घालायची. एका जातीचे सगळे प्राणी दिसायला हुबेहूब सारखे. त्यांना नाव ठेवायची सोय खेळात नाही. नावं ठेवायची आहे, आणि ती मी पहिल्या दिवसापासून ठेवत आलो होतो. मग आपला प्राणी ओळखायचा कसा? तर खोडीवरून. प्रत्येकाला एक खोड असते. कोणी चालताना स्वतःच्याच पायात अडखळतो, कोणी झाड दिसलं की पाठ घासतो, कोणी पाऊस आला की पानाखाली जायचं सोडून पान डोक्यावर घेऊन हिंडतो.

आता माझ्याबद्दल. मी बरण्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. पट्ट्यावरून झाकणं येतात, मी बघतो. सारखं दिसलं ते पुढे जातं, वेगळं दिसलं ते लाल पेटीत. या कामाने माणसाचा स्वभाव घडतो, किंवा बायकोच्या मते बिघडतो. लोकांच्या घरी गेलो की भिंतीवरची तिरकी चित्रं मी सरळ करतो. "मग मला बघायला आलात तेव्हा माझ्यात काही सापडलं नाही वाटतं?" असं ती अधूनमधून विचारते. त्या वेळी मी हंगामी होतो, कायम झालो नव्हतो, हे उत्तर मी एकदाच दिलं.

मुलगी सोमवारी शाळेच्या शिबिराला गेली. तिथे मोबाइल न्यायला बंदी. जाताना तिने तो माझ्या हातात दिला, आईच्या नव्हे. "आई विसरते. तू नियमाने करशील," ती म्हणाली. बारा वर्षांच्या मुलीकडून बापाला मिळणारं हे सर्वोच्च प्रशस्तिपत्र आहे. मी ते तोंडावर न दाखवता स्वीकारलं.

शाळेच्या बसच्या दारात सूचना मिळाल्या. "दोन वेळा फळं दे. मोठं बटण दाबलंस की सगळ्यांना एकदम मिळतात. आणि बाबा, माझा गुब्बी शिंकतो हं. त्याला हसू नकोस. म्हणजे हस, पण..." दार बंद झालं. तो 'पण' बसबरोबर गेला.

तीन दिवस मी मोठं बटण दाबत राहिलो. गुरुवारी वेळेआधी आवरलं होतं, म्हणून म्हटलं, आज एकेकाला हाताने द्यावं. गुब्बीसमोर फळ ठेवलं. त्याने ते उचललं, डोळे मिटले आणि असा काही शिंकला की फळ उडून कुंपणाजवळच्या झुडपात गेलं. दुसरं दिलं. तेही गेलं. माझ्या डोक्यात लाल पेटी उघडली. त्याच क्षणी पडद्याच्या कोपऱ्यात घंटा वाजली: जवळच कोणीतरी एक गुब्बी बदलायला काढला होता. त्याला नमुना म्हणून फळ द्यायची सोय होती. दिलं. त्याने उचललं, खाल्लं, जागेवर बसला. थेंब सांडला नाही. मुलगी आल्यावर काय खूश होईल, या विचाराने मी होकाराचं बटण दाबलं. बाहेर कारखान्याच्या बसचा भोंगा वाजत होता.

संध्याकाळी बायकोने सहज मोबाइल हातात घेतला आणि फळ दिलं. मग दुसरं दिलं.

"अहो, शिंक्या कुठंय?"

"बदलून घेतला."

"काय?"

"बिघडलेला होता. फळ टिकत नव्हतं त्याच्याकडे. हा बघ, एकदम..."

तिने मोबाइल टेबलावर ठेवला. बायकोने आवाज चढवला तर मी निर्धास्त असतो. तिने आवाज उतरवला.

"शाळा बदलली तेव्हा पोरगी महिनाभर मधल्या सुट्टीत एकटी बसायची, ते आठवतंय?"

"हो."

"मग मैत्रिणी कशा झाल्या?"

मला वाटत होतं, त्या आपोआप होतात.

"तो शिंकायचा म्हणून. तिथे मधल्या सुट्टीत मोबाइल चालतो. एकीने पाहिलं, तिने दुसरीला बोलावलं. बाकावर सगळ्या जमायच्या, आज शिंकतो का बघायला. ती रोज जेवताना सांगायची. तुम्ही समोर बसून जेवत होतात."

रविवारी दुपारी मुलगी परत येणार होती. त्याच्या आत शिंकणारा गुब्बी अंगणात हवा होता. एवढंच काम होतं.

खेळाच्या कंपनीने तक्रारींसाठी एक यांत्रिक मदतनीस ठेवला आहे. तो अतिशय नम्र आहे, आणि नम्र माणसाशी भांडता येत नाही तसं नम्र यंत्राशीही येत नाही. मी लिहिलं: गुब्बी चुकून बदलला, परत हवा आहे.

"आपली अडचण समजली," मदतनीस म्हणाला. "आपल्या प्राण्याची खोड सांगा."

"शिंकतो."

"छान! खाण्याआधी, खाताना की खाल्ल्यावर?"

"आधी."

"छान! शिंकल्यावर तो काय करतो?"

इथे गाडी अडली. शिंकल्यावर काय करतो ते पाहायला मी थांबलोच नव्हतो. फळ उडालं, निकाल लागला. झाकणाला पोचा दिसला की ते झाकण पुढे काय करतं, हे कोणी पाहत बसत नाही.

"माहीत नाही," मी लिहिलं.

"क्षमा करा. मालकाला आपल्या प्राण्याची खोड माहीत असते. आपण या प्राण्याचे मालक आहात का?"

"मी मालकाचा बाप आहे."

"छान! मालकाला सोबत घेऊन पुन्हा या."

तरी एक गोष्ट त्याने सांगितली. समोरचा गृहस्थ किंवा गृहिणी आमच्या इमारतीच्या आसपासच होती, कारण अदलाबदल फार लांबून होत नाही. त्या व्यक्तीची खूण म्हणून पडद्यावर फक्त एक छत्री होती.

शुक्रवारी मी रजा टाकली. कारण 'घरगुती' असं दिलं, ते खोटं नव्हतं. जिन्यात वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर भेटले. निवृत्त झाल्यापासून त्यांना दुसऱ्यांच्या अडचणींची चणचण भासते. मी सगळं सांगितलं. ते उजळले.

"म्हणजे पाठवणारा माहीत, माल माहीत, घेणाऱ्याचा पत्ता अर्धवट," ते म्हणाले. "अहो, अशी पत्रं आम्ही रोज पोचवत होतो. आणि खोड आहे ना? मग काळजीच नको. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही."

"पण तो जिताच नाही."

"मग तर कधीच जाणार नाही!"

तासाभरात खालच्या फलकावर त्यांच्या वळणदार अक्षरात सूचना लागली: 'शिंकणारा हरवला आहे. रंग निळसर. कोणाकडे आला असल्यास पहिल्या मजल्यावर कळवावे.' खाली खोलीचा क्रमांक माझा.

पहिल्यांदा समोरच्या आजी आल्या. त्यांनी वाफ घ्यायचं भांडं आणलं होतं. माणूस निळसर पडला असेल तर घरी उपचार करू नका, असंही बजावून गेल्या. मग तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकांनी दाराबाहेर उभं राहून, नाकावर रुमाल धरून, लागण आहे का ते विचारलं. बायको नोकरीवरून आली तेव्हा जिन्यात लोक तिच्यासाठी जरा जास्तच जागा सोडत होते.

सर्वांत शेवटी इमारतीचे सेक्रेटरी आले. सेक्रेटरी म्हणजे नियमांच्या पुस्तकाला फुटलेले हातपाय.

"प्राणी पाळायला इमारतीत परवानगी नाही."

"तो फोनमध्ये आहे."

"फोन कुठं आहे?"

"घरात."

"मग?"

मी म्हणालो, "पण तो हरवलाय. म्हणजे आता माझ्या घरात तो नाहीच."

"म्हणजे इमारतीत मोकळा फिरतोय?" सेक्रेटरींचा आवाज चढला. त्यांनी सूचना काढून घेतली आणि फलकावर विनापरवानगी कागद लावल्याबद्दल माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. पोस्टमास्तर त्या वेळी जिन्याच्या कठड्यावरून पाहत होते. "अक्षर माझं आहे, पण भावना तुमच्या," एवढं म्हणून ते वर गेले.

आता एकच मार्ग उरला: मुलीलाच विचारणं. शिबिरात फोन फक्त बाईंकडे आणि तोही तातडीसाठी. मी लावला.

"काय झालंय?" बाईंनी विचारलं.

काय सांगावं? शिबिरात साठ मुलं सांभाळणाऱ्या बाईला गुब्बीचं कसं सांगणार? मी म्हणालो, "तसं विशेष नाही. घरातला एक... म्हणजे घरात एकाची अदलाबदल... नाही, एक जण हरवलाय. पण सापडेल."

पलीकडून बाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "धीर धरा. मी तिला सांभाळून सांगते."

थोड्या वेळाने मुलीचा फोन आला. आवाज कापत होता.

"बाबा, आजीला काय झालं?"

"आजी गावाला मजेत आहे!"

"मग बाई मला पाणी का देत होत्या? सगळ्यांनी मला मधे का बसवलंय?"

"काही नाही गं, गैरसमज झाला. मी फक्त एक विचारायला... तुझा तो गुब्बी, शिंकल्यावर काय करतो गं?"

तिच्या पाठीमागे मुलींचा गलका ऐकू येत होता.

"तू बघितलं नाहीस?"

"बघितलं ना. खात्री करून घेतोय."

"नाही बघितलंस," ती म्हणाली. मग तिच्या आवाजात तिच्या आईचा आवाज उतरला. "मी नाही सांगणार. तू बघ. रविवारी आल्यावर विचारीन तुला."

फोन ठेवल्यावर मी पहिल्यांदा नीट बसून नव्या गुब्बीकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत होता. त्याच्यात एकही दोष नव्हता आणि त्याचा मला अतोनात राग आला.

संध्याकाळी पोस्टमास्तर पुन्हा हजर. सेक्रेटरींच्या प्रकरणात आपण मला एकटं सोडलं, याची भरपाई म्हणून ते तर्क घेऊन आले होते. "आपल्या इमारतीत सकाळी पावणेआठला कोण मोबाइल घेऊन बसेल? ज्याला उठायची घाई नाही तो. आणि अशी माणसं कुठे बसतात? तळमजल्यावर. दातांच्या दवाखान्यात."

तर्क बरा होता. तळमजल्यावरच्या डॉक्टरबाई सकाळी साडेसातलाच दार उघडतात आणि बाहेरची बाकं कायम भरलेली असतात. मी जाऊन बसलो. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पडद्यांवर मान लांब करून पाहू लागलो. एका तरुणाने मोबाइल उलटा ठेवला. सुजलेल्या गालाच्या एका बाईने माझ्याकडे असं पाहिलं, की मी छताकडे पाहू लागलो. तेवढ्यात डॉक्टरबाई दारात आल्या.

"झाकणसाहेब! तुम्ही कधी नव्हे ते? या, या, आधी तुम्हालाच घेते."

इमारतीत मला याच नावाने ओळखतात. "नाही, मी सहज..."

"सहज कोणी दातांच्या डॉक्टरकडे येत नाही. लाजू नका."

बाकावरची सगळी माणसं माझ्याकडे पाहत होती. सहज आलोय असं म्हणावं, तर इतरांचे मोबाइल चोरून पाहत होतो हे उघड होणार. मी आत गेलो. माणूस प्रतिष्ठेसाठी काय काय करतो, यावर मी आता अधिकारवाणीने बोलू शकतो.

खुर्ची मागे कलली. दिवा तोंडावर आला. डॉक्टरबाईंनी आरसा घातला आणि "अरे, अरे, अरे" असं तीनदा म्हणाल्या. दाढेत खरंच कीड होती. माझ्या तोंडात वर्षानुवर्षं सदोष नग बसला होता आणि तपासनीस बाहेर झाकणं पाहत होता.

"तोंड उघडं ठेवा. बंद करायचं नाही." यंत्र सुरू झालं. डॉक्टरबाईंना काम करताना बोलायची सवय आहे, आणि समोरच्याला मधे बोलता येत नाही ही त्यांच्या धंद्यातली मोठी सोय. "तुमची मुलगी तो प्राण्यांचा खेळ खेळते ना? कोणाला सांगू नका, मीपण खेळते. सकाळी पहिल्या पेशंटला आत घ्यायच्या आधी. माझी खूण छत्री आहे."

"आँ!" मी म्हणालो.

"दुखलं? झालंच. छत्री का, सांगू? आमच्या धंद्यात समोरचा शिंकला की संपलं. हातात यंत्र, तोंड उघडं आणि हा शिंकतो! म्हणून छत्री. आणि म्हणूनच मी शिंकणारे गुब्बी जमवते. पडद्यावर शिंकले तर माझं काय जातंय?"

"आँ आँ आँ!"

"हलू नका हो. आणि गुरुवारी तर काय नशीब! चांगले सरळ खाणारे काही बदलायला काढले, तर पाठोपाठ तीन शिंकणारे मिळाले. लोक टाकूनच देतात त्यांना. काय एकेक मूर्ख असतात बघा."

मी दोन्ही हात हलवले. त्यांनी बधिर करायचं औषध वाढवलं.

खुर्ची सरळ झाली तेव्हा माझा अर्धा चेहरा माझ्या ताब्यात नव्हता. तशाच तोंडाने मी त्यांना सांगितलं, की त्या तिघांपैकी एका मूर्खाशी त्या आत्ता बोलत आहेत. त्यांना तीनदा ऐकावं लागलं. मग त्या मनापासून हसल्या आणि नंतर, मुलीचं कळल्यावर, हसायच्या थांबल्या.

"देईन की. पण माझी एक अट. तुमच्याकडे आलेला तो गुब्बी खाऊन नुसता बसतो ना, त्याची खोड मला कधी सापडली नाही. वेगळ्या अंगणात एकटा काढला, पावसात ठेवला, उन्हात ठेवला, उपाशी ठेवला. काही नाही. खोड नाही असा प्राणी या खेळात नसतोच. शेवटी कंटाळून बदलायला काढला. ती खोड काय ते मला शोधून द्या आणि तुमचा शिंक्या घेऊन जा."

शनिवार कारखान्याला सुट्टी. सुजलेल्या गालावर रुमाल बांधून मी निर्दोष गुब्बीसमोर बसलो. एरवी मी दोष शोधायला बसतो तेव्हा तो नसावा अशी इच्छा असते. या खेपेला तो असावा म्हणून डोळे ताणत होतो. फळ दिलं, खाल्लं. लाल दिलं, हिरवं दिलं, खाल्लं. पोस्टमास्तर शेजारी बसून कच्चं फळ द्या, उलटं द्या, अशा सूचना करत होते. बायको येताजाता पाहत होती.

"हा तर अगदी तुमच्यावर गेलाय," ती म्हणाली. "समोर आलं की गिळायचं आणि गप्प बसायचं."

मी जेवणावर काही बोलत नाही, हा तिचा जुना आरोप आहे. त्यात मी पडलो नाही.

दुपारी इतर प्राण्यांच्या जेवणाची वेळ झाली. मी सवयीने मोठं बटण दाबलं आणि उठणार, तेवढ्यात दिसलं. अंगणातल्या सगळ्यांपुढे एकदम फळं पडली. सगळे खाऊ लागले. गुब्बी खात नव्हता. फळ हातात धरून तो उभा होता. कोपऱ्यातला एक अडखळ्या प्राणी आपल्या फळापर्यंत जाताना दोनदा पडला. तो उठला, पोचला, त्याने पहिला घास घेतला. तेव्हा कुठे गुब्बीने तोंड लावलं.

पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच. सगळ्यात शेवटचा खायला लागेपर्यंत हा थांबतो.

"पंगतीतला माणूस दिसतोय," पोस्टमास्तर हळू आवाजात म्हणाले.

डॉक्टरबाईंनी त्याला शिंकणाऱ्यांपासून वेगळ्या अंगणात एकटा ठेवला होता. एकट्याला थांबायचं कोणासाठी? खोड होती, पण दिसायला इतर कोणीतरी असावं लागत होतं. मी ते बटण किती वेळा दाबलं हे सांगत नाही. खेळाने शेवटी सूचना दिली, की आपले प्राणी लठ्ठ होत आहेत.

आता एक विचित्र गोष्ट नोंदवली पाहिजे. गुरुवारपासून ज्याचा राग येत होता तो गुब्बी परत द्यायचा म्हटल्यावर मी त्याला हाताने आणखी एक फळ दिलं. मी ते दाढेच्या औषधावर ढकललं.

रविवारी सकाळी डॉक्टरबाई मोबाइल घेऊन आमच्याकडे आल्या. मी खोड दाखवली. त्यांनी ती पुन्हा पुन्हा पाहिली, चष्मा पुसला आणि "बिचारा, मी याला एकटा ठेवत होते," असं म्हणाल्या. मग त्यांनी आपले गुरुवारचे तीन गुब्बी समोर मांडले. त्यातला माझा कोणता, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिघेही त्या सकाळी एकापाठोपाठ आले होते. खेळाचा नियम असा, की एकाच माणसाशी दिवसाला एकच अदलाबदल. तीन घेऊन मुलीपुढे ठेवायची सोय नव्हती. एकच निवडायचा आणि बरोबर निवडायचा.

पोस्टमास्तरांनी ओळखपरेड घेतली. पहिल्याला फळ दिलं. तो शिंकला, फळ उडालं, त्याने झटकन डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, कोणी पाहत नाही अशी खात्री केली आणि मग अगदी सहज फिरायला निघाल्यासारखा फळाकडे गेला. दुसरा शिंकला आणि फळ पूर्वेला गेलेलं असताना पश्चिमेला शोधू लागला. तिसरा शिंकला आणि फळाकडे न पाहता आभाळाकडे बघत बसला, जणू ते फळ मुळात त्याचं नव्हतंच.

"ओळखा," पोस्टमास्तर म्हणाले.

मी तिघांकडे पाहिलं. झाकणं तपासताना असं कधी झालं नाही. तिन्ही सदोष, आणि त्यातला एकच बरोबर.

"तुला आठवतं का?" मी बायकोला विचारलं.

"मी कुठं पाहिलं? मी ऐकायची. ती सांगताना हसायची, ते आठवतं. शिंकेला नाही हसायची. त्याच्या पुढचं सांगताना हसायची."

मग डॉक्टरबाईंनी शक्कल काढली: तिघांना पुन्हा फळं द्यायची आणि बायको कोणाला हसते ते पाहायचं. पोरगी आईवर गेली आहे, हा त्यामागचा शास्त्रीय आधार. बायको पहिल्याला हसली. दुसऱ्याला जास्त हसली. तिसऱ्याला पाहून, "हा तुमच्या काकांसारखा आहे," असं म्हणून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. शास्त्र तिथेच संपलं.

मी पहिला निवडला. का, ते मला सांगता येणार नाही. डॉक्टरबाईंनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "वाटलं." तपासणी विभागातल्या माणसाने हा शब्द वापरला, हे कारखान्यात कळलं तर माझी बदली होईल. होकाराचं बटण दाबलं. पंगतीतला गुब्बी छत्रीखाली गेला, शिंकणारा अंगणात आला.

बारा वाजून गेल्यावर मुलगी आली. कसं सांगायचं याची मी तयारी केली होती: आधी प्रवासाची चौकशी, मग जेवण, मग हळूच विषय. पण पोस्टमास्तर फाटकाशी उभे होते, आणि टपाल रोखून धरणं त्यांच्या रक्तात नाही. ती जिना चढून वर आली तेव्हा तिला लाल पेटीपासून ओळखपरेडपर्यंत सगळं पोचलं होतं.

दारात तिने बॅग टाकली नाही. हात पुढे केला. मी मोबाइल दिला.

"तिघांतून तू निवडलास?"

"हो."

"शिंकल्यावर काय करतो हा?"

"इकडेतिकडे बघतो. कोणी पाहिलं तर नाही ना, म्हणून. मग सहज गेल्यासारखा जातो."

ती माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. हे तिने कुठून उचललं कोण जाणे.

"आधी कुठे बघतो?"

"डावीकडे," मी म्हणालो. मी पाहिलं होतं.

"कायम?"

हे मात्र मी पाहिलं नव्हतं. एकदा शिंकला तेव्हा डावीकडे. दुसऱ्यांदा शिंकला तेव्हा मी बायकोच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. मी तसं सांगितलं.

"इथे बस," ती म्हणाली. बॅग खांद्यावर तशीच ठेवून ती खुर्चीच्या एका कडेला बसली, दुसरी कडा मला मोकळी केली. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मुलीने फळ दिलं.

गुब्बीने ते उचललं, डोळे मिटले आणि शिंकला. फळ झुडपात गेलं आहे. अजून त्याने मान वळवलेली नाही. ती श्वास रोखून पाहते आहे, आणि मीही.